दगडातील वने आणि भिंगातील प्रतिमा : आचार्य बिरबल साहनी

माध्यमिक शाळेच्या प्रयोगशाळेत कांद्याच्या पापुद्र्याची काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवताना प्रत्येक विद्यार्थ्याला एक गमतीचा अनुभव येतो. पट्टी उजवीकडे सरकवली की आतले दृश्य डावीकडे पळते. पट्टी पुढे लोटली की दृश्य मागे येते. दोनचार मिनिटांत हात या उलट्या जगाला सरावतो आणि त्याचा विसर पडतो. पण त्या उलटेपणात एक महत्त्वाची गोष्ट दडलेली असते. डोळ्याला जे दिसते ती वस्तू नसते. वस्तूकडून निघालेल्या प्रकाशाने भिंगाच्या पलीकडे रचलेले ते तिचे चित्र असते. हे चित्र नीट रचले जावे म्हणून कष्ट घ्यावे लागतात आणि ते रचले गेल्यावर त्याचा अर्थ लावावा लागतो. ही दोन्ही कामे ज्यांनी आयुष्यभर निष्ठेने केली, पहिल्या कामात ज्यांनी भारतात नवी परंपरा निर्माण केली आणि दुसऱ्या कामात एका प्रसंगी ज्यांचा निष्कर्ष टिकला नाही, त्या आचार्य बिरबल साहनी यांचे हे चरित्र आहे. त्यांची कर्मभूमी लखनौ होती. परंतु त्यांच्या भिंगाखाली आलेल्या दगडांपैकी काही आपल्याच दख्खनच्या काळ्या पाषाणातून गेलेले होते.

बिरबल साहनी यांचा जन्म १४ नोव्हेंबर १८९१ रोजी पंजाबातील भेरा या गावी झाला. झेलम नदीकाठचे हे जुने गाव आज पाकिस्तानात आहे. आपल्या घरांत उपवासाच्या दिवशी जे सैंधव वापरले जाते, त्याच्या प्रसिद्ध खाणी असलेली मिठाची डोंगररांग, म्हणजे सॉल्ट रेंज, येथून फार दूर नाही. या डोंगररांगेशी साहनींचे नाव पुढे एका गाजलेल्या वादाने जोडले जायचे होते. वडील रुचिराम साहनी लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजात रसायनशास्त्र शिकवीत. विज्ञान सामान्य माणसाला त्याच्या भाषेत कळले पाहिजे, या ध्यासाने त्यांनी पंजाबीतून सप्रयोग व्याख्याने दिली आणि शाळा-महाविद्यालयांना परवडतील अशी वैज्ञानिक उपकरणे तयार करणारी कार्यशाळा चालवली. साहजिकच उपकरण ही कपाटात बंद ठेवण्याची वस्तू नसून हाताळण्याची, उघडून पाहण्याची आणि दुरुस्त करण्याची वस्तू आहे, हा संस्कार मुलांवर घरातच झाला.

सुट्ट्यांमध्ये रुचिराम मुलांना घेऊन हिमालयात दूरवर पायी भटकत. अशाच एका भटकंतीत, मचोई हिमनदीवर, तरुण बिरबलने लाल बर्फाचा नमुना गोळा केला. बर्फाला तो रंग सूक्ष्म शैवालांमुळे येतो. नुसत्या डोळ्यांना तो केवळ एक लाल डाग असतो. तो डाग म्हणजे असंख्य स्वतंत्र सजीवांची वस्ती आहे, हे भिंगाशिवाय कळत नाही. लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजात त्यांना शिवराम कश्यप यांच्यासारखे वनस्पतिशास्त्राचे गुरू लाभले आणि त्यांच्या आवडीला शिस्त आली.

त्यांच्या विद्यार्थिदशेतील एक प्रसंग प्रसिद्ध आहे. वनस्पतिशास्त्राच्या परीक्षेत हाती आलेली प्रश्नपत्रिका मागील वर्षीचीच आहे, असे त्यांच्या ध्यानात आले. तयारी चांगली असूनही अशा परीक्षेने काहीच सिद्ध होत नाही, या विचाराने ते सभागृहातून बाहेर पडले. अखेर विद्यापीठाला नवी प्रश्नपत्रिका काढावी लागली. यश मिळाले एवढ्यावर समाधान न मानता ते कोणत्या पुराव्यावर उभे आहे हे तपासण्याची ही वृत्ती त्यांच्या संशोधनाचाही पाया ठरली.

१९११ मध्ये पंजाब विद्यापीठाची पदवी घेऊन ते केंब्रिजच्या इमॅन्युएल महाविद्यालयात दाखल झाले. तेथे पुरावनस्पतिविज्ञानाचे, म्हणजे प्राचीन वनस्पतींच्या जीवाश्मांच्या अभ्यासाचे, अग्रगण्य आचार्य ए. सी. स्यूअर्ड यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांची खरी घडण झाली. भारतातील गोंडवन काळातील वनस्पतींच्या जीवाश्मांची फेरतपासणी गुरुशिष्यांनी मिळून केली आणि ती १९२० मध्ये प्रसिद्ध झाली. दरम्यान १९१९ मध्ये लंडन विद्यापीठाने साहनींना डी.एस्सी. ही पदवी दिली होती.

केंब्रिजमधील त्यांचा एक छोटासा लेख या चरित्राच्या दृष्टीने विशेष अर्थपूर्ण आहे. १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेला हा लेख जिंकगो या वृक्षाच्या बीजांडात आढळलेल्या परक्या परागकणांविषयी होता. वाऱ्याने उडालेले दुसऱ्याच झाडांचे परागकण जिंकगोच्या बीजांडात शिरलेले होते. तरुण साहनींनी यातून इशारा दिला तो जीवाश्मांच्या अभ्यासकांना. अश्मीभूत बीजांडात एखादा परागकण सापडला, तर तो त्याच वनस्पतीचा असेलच असे गृहीत धरू नये. सूक्ष्मदर्शकात कण स्वच्छ दिसतो, त्याची जागाही निश्चित दिसते. पण तो तेथे कसा आला हे मात्र दिसत नाही. चोविसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर लिहिलेला हा इशारा पुढे तीस वर्षांनी त्यांच्याच समोर उभा राहणार होता.

१९१९ मध्ये साहनी मायदेशी परतले. बनारस आणि लाहोर येथे थोडा काळ अध्यापन केल्यावर १९२१ मध्ये नव्याने सुरू झालेल्या लखनौ विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे पहिले प्राध्यापक व विभागप्रमुख म्हणून ते रुजू झाले. तत्पूर्वी १९२० मध्ये सावित्री सुरी यांच्याशी त्यांचा विवाह झाला होता. गोमतीच्या उत्तर काठावरील बादशाह बागेत हे विद्यापीठ वसलेले आहे. पुढील अठ्ठावीस वर्षे साहनींनी लखनौ सोडले नाही.

भिंगांचे वैभव लखनौने त्यापूर्वीही एकदा पाहिले होते. अवधचा नवाब नसीरुद्दीन हैदर याने १८३० च्या दशकात येथे वेधशाळा उभारण्यास आरंभ केला. तारेवाली कोठी या नावाने ती ओळखली जाई आणि तेथील दुर्बिणी उत्तम प्रतीच्या होत्या. पण वेधशाळाप्रमुख रिचर्ड विलकॉक्स यांच्या मृत्यूनंतर, १८४९ मध्ये, ती बंद करण्यात आली आणि १८५७ च्या धामधुमीत तिची उपकरणे नष्ट झाली. उपकरणे आली, पण त्यांच्याभोवती शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांची परंपरा उभी राहिली नाही. त्यामुळे ती गेली तेव्हा त्यांच्याबरोबर सारेच गेले. साहनींनी लखनौत जे केले त्याचे महत्त्व या पार्श्वभूमीवर अधिक उठून दिसते.

दुर्बीण आणि सूक्ष्मदर्शक या दोन्ही उपकरणांचे मूळ तत्त्व एकच आहे. काचेच्या वक्र पृष्ठभागावर पडलेला प्रकाशकिरण वाकतो. बहिर्वक्र भिंगाचा आकार असा असतो, की वस्तूच्या एका बिंदूपासून निघून त्याच्या सर्व भागांवर पसरलेले किरण पलीकडे पुन्हा एका बिंदूत एकत्र येतात. वस्तूच्या प्रत्येक बिंदूसाठी पलीकडे असा एक बिंदू तयार होतो आणि या बिंदूंची मांडणी म्हणजेच प्रतिमा. भिंगाचा अर्धा भाग हाताने झाकला तरी प्रतिमा अर्धी होत नाही, केवळ अंधूक होते. कारण प्रत्येक बिंदूची प्रतिमा रचण्यात भिंगाच्या सर्व भागांचा वाटा असतो.

सूक्ष्मदर्शकात हे काम दोन टप्प्यांत होते. वस्तूच्या अगदी जवळ असलेल्या पदार्थीय भिंगाचे नाभीय अंतर फार कमी असते. वस्तू त्याच्या नाभीच्या किंचित पलीकडे ठेवली, की नळीच्या वरच्या भागात तिची मोठी, उलटी आणि वास्तव प्रतिमा तयार होते. कागदाचा पडदा धरला असता तर ती त्यावर उमटली असती. डोळ्याजवळची नेत्रिका मग या प्रतिमेकडे साध्या वाचनभिंगासारखी पाहते आणि तिला आणखी मोठी करून दाखवते. पदार्थीय भिंग चाळीस पट आणि नेत्रिका दहा पट मोठे करीत असेल, तर एकूण वर्धन चारशे पट होते. नेत्रिका मात्र पहिल्या प्रतिमेत नसलेले काहीही नव्याने दाखवू शकत नाही. जो तपशील पदार्थीय भिंगाने पकडला नाही तो पुढे कितीही मोठा केला तरी मिळत नाही.

या पकडीलाही निसर्गाने मर्यादा घातली आहे. जर्मन शास्त्रज्ञ अर्न्स्ट आबे यांनी १८७३ मध्ये दाखवून दिले, की भिंग कितीही निर्दोष घडवले तरी प्रकाशाच्या तरंगलांबीच्या सुमारे निम्म्याहून जवळ असलेले दोन बिंदू ते वेगळे दाखवू शकत नाही. दृश्य प्रकाशासाठी ही मर्यादा साधारण ०.२ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा पाच हजारावा भाग, येते. परागकण सामान्यतः काही दशके मायक्रॉन रुंद असतात आणि लाकडातील वाहिन्यांच्या भिंतींवरील खळगे काही मायक्रॉनचे. ही सृष्टी भिंगाच्या आवाक्यात येते. म्हणूनच पुरावनस्पतिविज्ञानाला सूक्ष्मदर्शक एवढा फलदायी ठरला.

पण कांद्याचा पापुद्रा पारदर्शक असतो, दगड नसतो. सूक्ष्मदर्शकात प्रतिमा रचायची तर प्रकाश वस्तूतून आरपार यावा लागतो. शिवाय वर्धन वाढत जाते तशी भिंगाला स्पष्ट दिसणारी खोली घटत जाते. चारशे पट वर्धनाला ती जेमतेम एखाद्या मायक्रॉनची उरते. छेद जाड असेल तर वरच्या व खालच्या थरांच्या अस्पष्ट सावल्या एकमेकींत मिसळतात. म्हणून अश्मीभूत लाकडाची चकती कापून, तिची एक बाजू गुळगुळीत करून ती डिंकासारख्या पारदर्शक बाल्समने काचेवर चिकटवावी लागते. मग दुसऱ्या बाजूने ती कठीण भुकटीवर घासत घासत सुमारे ३० मायक्रॉनपर्यंत पातळ करायची असते. ही जाडी माणसाच्या केसाच्या निम्म्याहूनही कमी असते. शेवटच्या क्षणी बोटाचा दाब किंचित वाढला तर कोट्यवधी वर्षे टिकलेला पुरावा चिखल होऊन पाण्याबरोबर वाहून जातो, आणि त्याच जागेचा दुसरा छेद कधीच मिळत नाही. भिंगातील प्रतिमेचा अर्धा भार असा हातांवर असतो. हे हस्तकौशल्य साहनींच्या विभागात विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी आत्मसात केले.

या छेदांतून साहनींनी जे वाचले त्याने जगाचे लक्ष लखनौकडे वळले. राजमहाल टेकड्यांतील जीवाश्मांवरून त्यांनी १९३२ मध्ये विल्यमसोनिया स्यूअर्डियाना या लुप्त वनस्पतीची पुनर्रचना मांडली आणि तिच्या नावात आपल्या गुरूचे नाव गुंफले. याच टेकड्यांतील निपानिया गावच्या दगडांनी त्यांना सर्वांत मोठे कोडे घातले. सुटे खोड, सुटी पाने आणि सुटे बीजधारी शंकू सापडत होते. ही एकाच वनस्पतीची अंगे आहेत की तीन वेगळ्या वनस्पतींची, हे बाह्य रूपावरून सांगता येत नव्हते. छेदांतील आतली रचना एकमेकींशी ताडून या अंगांचे नाते जुळवण्यात आले आणि १९४८ मध्ये साहनींनी पेंटॉक्सिली हा अनावृतबीज वनस्पतींचा एक नवाच गट जगापुढे ठेवला. खोडाच्या आडव्या छेदात काष्ठाचे सहसा पाच स्वतंत्र भाग दिसतात, त्यावरून हे नाव पडले.

दख्खनच्या दगडांनीही त्यांना असेच खुणावले. महाराष्ट्राचा पाया असलेला काळा पाषाण हा एकावर एक साचलेल्या लाव्ह्याच्या थरांचा आहे. दोन उद्रेकांच्या मधल्या शांततेत तळी साचली, झाडे वाढली आणि पुढच्या लाव्ह्याखाली गाडली गेली. त्या तळ्यांच्या गाळात सिलिका झिरपून गारगोटीसारखा कठीण चर्ट बनला. नागपूरपासून छिंदवाड्यापर्यंतच्या पट्ट्यात, मराठी कानाला परिचित असलेल्या सौंसरच्या परिसरात आणि मोहगाव कलान येथे, असे दगड शेतांतून विखुरलेले सापडतात. सौंसरच्या चर्टमध्ये साहनी आणि एच. एस. राव यांना अ‍ॅझोलाचे जीवाश्म मिळाले. गुरांच्या खाद्यासाठी आज अनेक शेतकरी वाफ्यात वाढवतात त्याच अ‍ॅझोलाच्या कुळातील ही प्राचीन जलवनस्पती. तिचे बीजाणू आणि त्यांच्या पुंजक्यांवरील नांगराच्या आकाराचे सूक्ष्म काटे दगडातही शाबूत राहिले होते.

मोहगाव कलानच्या वनस्पतींवर साहनींनी १९३७ मध्ये भूवैज्ञानिक के. पी. रोडे यांच्यासह लेखन केले. पुढे १९४३ मध्ये तेथील एका जलवनस्पतीला त्यांनी रोडाइटीस दक्षिणी हे नाव दिले. सहकाऱ्याचे आडनाव आणि दक्षिण देशाचा उल्लेख, दोन्ही त्या नावात कायमचे कोरले गेले. १९४० मध्ये मद्रास येथील भारतीय विज्ञान काँग्रेसच्या अध्यक्षपदावरून त्यांनी दख्खनच्या लाव्ह्याचाच विषय निवडला. त्या काळी उपलब्ध असलेल्या वनस्पतींच्या पुराव्यावरून हे उद्रेक तृतीयक कल्पातील असावेत, असे त्यांनी प्रतिपादन केले. आज खडकांचे वय थेट मोजता येते आणि या उद्रेकांचा काळ सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीचा, म्हणजे क्रिटेशियस व तृतीयक यांच्या सीमारेषेवरचा, ठरला आहे.

मानसन्मानही आले. केंब्रिजने १९२९ मध्ये त्यांना एससी.डी. ही पदवी दिली आणि १९३६ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना सदस्य म्हणून निवडले. त्याच वर्षी रोहतकजवळच्या खोकराकोट टेकाडावर त्यांना प्राचीन नाणी ओतण्याचे मातीचे साचे सापडले. साच्यातील उलट्या ठशावरून सुलटे नाणे आणि नाण्यावरून ओतकामाची रीत त्यांनी उलगडली. १९४५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या या ग्रंथाचा नाणेशास्त्राच्या अभ्यासकांनी पदक देऊन गौरव केला. १९४३ मध्ये लखनौ विद्यापीठात भूशास्त्र विभाग सुरू झाला, तेव्हा त्याची धुराही त्यांच्याकडेच आली. खादीची साधी वस्त्रे वापरणारा हा प्राध्यापक दोन विभागांचा कारभार पाहून पुन्हा सूक्ष्मदर्शकाशी येऊन बसत असे.

याच काळात मिठाच्या डोंगररांगेने त्यांना बालपणीच्या प्रदेशाकडे ओढून नेले. तेथील मिठाच्या थरांचे वय हा जुना वाद होता. या थरांच्या वर असलेल्या खडकांत ट्रायलोबाइटसारख्या कँब्रियन कालखंडातील प्राण्यांचे जीवाश्म आहेत. तेव्हा खाली असलेले मीठ त्याहून जुने, म्हणजे पन्नास कोटी वर्षांपलीकडचे, असले पाहिजे, असा एक पक्ष होता. जुने खडक भूहालचालींमुळे तरुण मिठावर सरकून बसले असतील आणि मीठ इओसीन कालखंडातील, म्हणजे सुमारे पाच कोटी वर्षांचे, असेल, असे दुसरा पक्ष म्हणे. साहनींनी मीठ व त्यासोबतचे खडक विरघळवून मागे उरलेला गाळ सूक्ष्मदर्शकाखाली घातला. त्यात लाकडाचे सूक्ष्म तुकडे आणि कीटकांचे अवशेष दिसले. फुलझाडांचे लाकूड कँब्रियन काळात असणे शक्यच नव्हते. बाहेरची धूळ मिसळू नये याची दक्षता घेऊन त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुन्हा पुन्हा परीक्षण केले, पुन्हा तेच अवशेष मिळाले, आणि साहनी इओसीन पक्षाचे सर्वांत प्रभावी प्रतिपादक झाले. १९४४-४५ च्या सुमारास या प्रश्नावर परिसंवाद झाले. डोंगरात हिंडून थरांची मांडणी तपासणाऱ्या भूवैज्ञानिकांचे मात्र समाधान झाले नाही.

साहनींच्या हयातीत हा वाद मिटला नाही. पुढील संशोधनाने मिठाचे थर खरोखरच कँब्रियनच्या आरंभाचे आणि त्याच्याही किंचित आधीचे ठरवले. मीठ पाण्यात विरघळते, पुन्हा स्फटिक बनते, दाबाखाली हळूहळू वाहतेसुद्धा. अशा पदार्थात नंतरच्या काळातील कण शिरून बंदिस्त होऊ शकतात. साहनींच्या भिंगाने काही खोटे दाखवले नव्हते. तुकडे लाकडाचेच होते आणि ते साहनींनी बिनचूक ओळखले होते. चुकला तो प्रतिमेपलीकडचा निष्कर्ष, आणि तोही नेमका त्या जागी जेथे तीस वर्षांपूर्वी त्यांनीच इतरांना सावध केले होते. जिंकगोच्या बीजांडातील परका पराग आणि सैंधवातील परके लाकूड हे एकाच प्रश्नाचे दोन नमुने होते.

अशी फेरतपासणी त्यांच्या आणखी एका शोधाच्या वाट्याला आली. राजमहालमधील एक लाकूड आदिम फुलझाडाचे असावे, असे समजून त्यांनी त्याला होमोझायलॉन राजमहालेन्स असे नाव दिले होते. त्यांच्या पश्चात, १९५४ मध्ये, त्यांच्याच परंपरेतील संशोधकांनी ते बदलून साहनीऑक्झिलॉन असे नवे नाव दिले आणि पुढे ते लाकूड अनावृतबीज वनस्पतींच्या एका लुप्त गटाचे मानले जाऊ लागले. गुरूचा निष्कर्ष तपासायचा आणि त्याच वेळी गुरूचे नाव त्या वनस्पतीला द्यायचे, ही विज्ञानातील गुरुदक्षिणा होय. हे शक्य झाले याचे कारण मूळ छेद, त्यांच्या नोंदी आणि छायाचित्रे साहनींनी जपून मागे ठेवली होती. निष्कर्ष बदलले तरी प्रतिमा पुन्हा पाहता येत होत्या.

हे जपणे व्यक्तीच्या आयुष्यावर अवलंबून राहू नये, ही त्यांची अखेरची तळमळ होती. १९४६ च्या जूनमध्ये साहनी पतिपत्नींनी आपला जीवाश्मसंग्रह, ग्रंथसंग्रह आणि संपत्ती अर्पण करून विश्वस्त निधी उभारला आणि त्याच वर्षी १० सप्टेंबरला पुरावनस्पतिविज्ञानाची संस्था स्थापन झाली. आरंभी तिला विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागातच जागा होती. १९४८ मध्ये विद्यापीठ मार्गावरील बंगला व जमीन मिळाली. स्वातंत्र्यानंतर केंद्र सरकारच्या शिक्षण खात्याचे सचिवपद त्यांच्यापुढे आले होते. संस्थेसाठी त्यांनी ते नाकारले. ३ एप्रिल १९४९ रोजी पंडित जवाहरलाल नेहरूंच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसवण्यात आली. जगाच्या विविध भागांतील व विविध युगांतील ७७ जीवाश्म सिमेंटमध्ये जडवून ती शिला तयार करण्यात आली होती. त्यानंतर आठवडाही उलटला नाही तोच, ९ एप्रिलच्या मध्यरात्री हृदयविकाराच्या झटक्याने साहनींचे निधन झाले. १९५० मध्ये स्टॉकहोम येथे भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेचे सन्माननीय अध्यक्षपद त्यांची वाट पाहत होते.

संस्था त्या वेळी कोनशिलेपुरतीच उभी होती. तारेवाली कोठीची कथा पुन्हा घडण्यास एवढी पोकळी पुरेशी होती. ती घडली नाही, कारण सावित्रीबाईंनी दुःख बाजूला सारून कारभार हाती घेतला आणि निधीसाठी व माणसांसाठी अविरत प्रयत्न केले. २ जानेवारी १९५३ रोजी नेहरूंच्याच हस्ते पूर्ण झालेल्या इमारतीचे उद्घाटन झाले. पुढे के. आर. सुरंगे यांच्यासारख्या संशोधकांनी दीर्घकाळ तिचे नेतृत्व केले. आज ती बिरबल साहनी पुराविज्ञान संस्था या नावाने ओळखली जाते, आणि तिच्याच आवारात संस्थापकाची समाधी आहे.

शाळा-महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत दरवर्षी नवे डोळे नेत्रिकेला लागतात. पाहिलेले नीट रेखाटावे, तारीख घालावी, नमुना कोठून आला ते लिहावे आणि काचपट्टी जपून ठेवावी, अशी शिस्त विज्ञानाचे शिक्षक लावतात. विद्यार्थ्यांना ती अनेकदा जाचक वाटते. साहनींच्या चरित्रात या शिस्तीचे कारण सापडते. नमुना कोठून आणि कसा आला ही नोंद, म्हणजे भिंगाला जे कधीच दाखवता येत नाही ते कागदावर उतरवून ठेवणे होय. जपून ठेवलेली काचपट्टी ही पुढे येणाऱ्या आणि कदाचित आपल्यापेक्षा अधिक जाणणाऱ्या अभ्यासकासाठी राखलेली ठेव असते. लखनौच्या संग्रहालयात साहनींचे छेद आजही आहेत, आणि त्यांवर पडणारा प्रकाश आजही भिंगापलीकडे तीच प्रतिमा रचतो.